हेतुग्राही माउस

व्योमसंधी अभियांत्रिकीच्या चाचणी प्रयोगशाळेत त्या सोमवारी एका टेबलावर सात माउस मांडून ठेवले होते आणि त्यांच्यासमोर उपमहाव्यवस्थापक यशोधन कर्णिक मुलगी बघायला आल्यासारखे बसले होते. कंपनी अवकाशस्थानकांची दारं बनवायची. त्या दारांचं त्रिमितीय आरेखन संगणकावर व्हायचं आणि ते करणारी माणसं दिवसाचे नऊ तास माउस हातात धरून असायची. कर्णिकांनी जन्मात एकही दार आखलेलं नव्हतं. बहुधा म्हणूनच निवड समितीचे अध्यक्ष ते होते.

पहिला माउस त्यांना जाड वाटला. दुसरा "म्हातारा दिसतो" म्हणून गेला. तिसऱ्याचा रंग कंपनीच्या बोधचिन्हाशी जुळत होता, तेव्हा तो विचारार्थ बाजूला ठेवण्यात आला.

समोर वैजयंती घोलप उभ्या होत्या. नोकरी एकतीस वर्षांची, त्यातली अठरा वर्षं तपासनीस म्हणून. दुसऱ्यांनी केलेलं प्रत्येक आरेखन कारखान्यात जाण्याआधी त्यांच्या नजरेखालून जायचं. सगळे त्यांना घोलपबाई म्हणत.

"साहेब, मधलं बटण वेगळं असेल असा घ्या," त्या म्हणाल्या. "ते दाबून धरूनच आम्ही आकृती फिरवतो, दिवसातून हजार वेळा. चाकच बटण म्हणून दाबायचं असेल तर बोटाची वाट लागते, शिवाय चाक सरकून चित्र भलतंच लहानमोठं होतं. आणि तारेचा घ्या. जड असला तरी चालेल."

"तारेचा." कर्णिकांनी खरेदी विभागाच्या दोघांकडे बघितलं. "बाई, आपण माणसं अवकाशात पाठवतोय, गिरणीत नाही."

ते दोघे हसले. त्यांना हसण्यासाठीच आणलं होतं.

सातवा माउस डॉ. इक्बाल मुजावर यांनी स्वतः आणला होता. ते स्नायुविद्युततज्ज्ञ. माणूस हुशार होता, पण संशोधनाला पैसा कर्णिकांच्या सहीने मिळायचा, त्यामुळे त्यांची हुशारी कर्णिकांसमोर जरा वाकूनच चालायची.

"हा हेतुग्राही माउस," मुजावर म्हणाले. "याच्या पाठीवरचे संवेदक हाताच्या स्नायूंमधले विद्युत्संकेत वाचतात. माणूस आरेखनात काही बदल करणार असेल, तर ते त्याचं त्याला कळायच्या आधीच बोटांमध्ये एक बारीक ताण उमटतो. मी त्याला हेतुताण म्हणतो. ताण असला की माउस चालतो. नसला की पडद्यावर काहीही हलत नाही. ज्या हालचालीतून काही बदलणार नाही ती निष्फळ, आणि निष्फळ हालचाल हा माउस होऊच देत नाही."

कर्णिक पुढे सरकले. "आपल्याकडे निष्फळ किती?"

"सहा आठवडे नोंदी घेतल्या. सरासरी चाळीस टक्के." मुजावर थांबले. "घोलपबाईंची एक्क्याण्णव."

"एक्क्याण्णव टक्के वेळ तुम्ही करता काय, बाई?"

"बघते."

"काय बघता?"

"ड्रॉइंग. सगळीकडून फिरवून बघते. बरोबर असलं की तसंच पुढे पाठवते."

"म्हणजे काहीच करत नाही."

रागाने घोलपबाईंचे कान तापले. बरोबर असलेल्या आरेखनाला हात न लावणं हेच तपासनिसाचं काम, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. शेंबडं पोर समितीवर नव्हतं.

सातवा माउस पसंत झाला. आखणाऱ्यांचं काम त्याच्यावर चालायचं, कारण ते सतत काहीतरी बदलत असायचे. घोलपबाईंपुढे मात्र नीट केलेलं आरेखन आलं, की आकृती दगडासारखी उभी राहायची. मागची बाजू बघावी म्हटलं तर बघता यायची नाही. आठवड्याभरात तपासनिसाचं पदच रद्द झालं आणि बाईंना तळमजल्यावरच्या अभिलेखागारात जुन्या फायलींवर बसवण्यात आलं.

मग कर्णिकांनी स्वतःची अक्कल पाजळली. सुधारण्यासारखं काही असलं तरच माउस चालतो. याचा अर्थ माउस चालला नाही तर आरेखन निर्दोष. या शोधाला त्यांनी 'स्थैर्य प्रमाणन' असं भारदस्त नाव दिलं आणि त्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. आरेखन उघडायचं, माउस सरकवून बघायचा, काही हललं नाही की सही ठोकायची. एका आरेखनाला अर्धं मिनिट. चार महिन्यांत त्यांनी दोनशे बारा आरेखनं मंजूर केली आणि माउस एकदाही चालला नाही, ही गोष्ट ते येईल त्याला छाती फुगवून सांगायचे.

मुजावरांनी या प्रमाणनाबद्दल कर्णिकांना एक पत्र लिहिलं होतं. निष्कर्ष हाताच्या मालकावर अवलंबून राहील, असं त्यात दुसऱ्या पानावर म्हटलं होतं. कर्णिक दुसऱ्या पानापर्यंत जाणाऱ्यांपैकी नव्हते, आणि मुजावरांनीही पुन्हा विषय काढला नाही.

पाचव्या महिन्यात विंग कमांडर शर्वरी खैरमोडे प्रयोगशाळेत आली. तीन आठवड्यांनी ती अवकाशस्थानकावर जाणार होती आणि स्थानकाबाहेर जाण्याआधी ज्या छोट्या वायुकक्षात तिला एकटीने थांबायचं होतं, त्याचं दार व्योमसंधीचं होतं. दार तयार होतं. बसवायचं तेवढं राहिलं होतं.

"या दारामागे मी असणार," ती म्हणाली. "ते तपासलं कोणी?"

"मी," कर्णिक म्हणाले, आणि त्यांनी पडद्यावर दाराचं आरेखन उघडलं. माउस पुढेमागे, डावीउजवीकडे सरकवला. दार ढिम्म. "बघितलंत? शंभर टक्के निर्दोष."

शर्वरीने मुजावरांना माउसचं तत्त्व विचारलं. ते त्यांनी सांगितलं, अगदी त्या पहिल्या सोमवारी सांगितलं होतं तसंच.

"याआधी कोण तपासायचं?"

"होत्या एक बाई. आता फायली बघतात."

"त्यांना बोलवा."

घोलपबाई आल्या. हाताला फायलींची धूळ होती, ती त्यांनी पदराला पुसली. खुर्चीवर बसल्या, पडद्याकडे पाहिलं आणि जुन्या सवयीने मधलं बटण दाबून हात वळवला.

दार फिरलं.

"वा," कर्णिक म्हणाले. "बाईंच्या हातातही कसं अलगद चालतंय बघा."

मुजावर खुर्चीतून उठले होते. "साहेब, ते चालायला नको होतं."

"का नको?"

"तुमच्या हातात ते थांबलं, कारण तुम्हाला त्यातलं काही कळत नाही." हे वाक्य त्यांनी पाच महिने उशिरा उच्चारलं. "ज्या हाताला चूक दिसतच नाही, त्याच्यात ताण येणार कुठून? बाईंच्या डोळ्याला काहीतरी खटकलंय. कुठे, ते त्यांना अजून माहीत नसेल."

घोलपबाईंना खरंच माहीत नव्हतं. त्या दार फिरवत राहिल्या. डावीकडे आकृती अडायची, उजवीकडे मोकळी व्हायची. मोकळी होईल तिकडे त्या गेल्या, आतल्या बाजूला आल्या आणि थांबल्या.

"पोरी, हे दार लागताना आपोआप लागतं," त्या शर्वरीला म्हणाल्या. "आतून उघडायला हा दांडा नव्वद अंश फिरवावा लागतो. पण तो पासष्टावरच या बरगडीला, म्हणजे या मजबुतीच्या पट्टीला, अडतोय. ही बरगडी माझ्या वेळी नव्हती, नंतर घातलीय."

"म्हणजे मी आत अडकणार."

"हो."

शर्वरी घाबरली होती आणि ते तिने लपवलं नाही. मग ती कर्णिकांकडे वळली. "ही बरगडी काढायचा अधिकार कोणाला आहे?"

"मलाच, मॅडम." कर्णिकांनी लगेच हसू गोळा केलं. दार दुरुस्त करायचं तर सही चुकली हे लिहून द्यावं लागणार होतं, आणि मग बाकीच्या दोनशे अकरा सह्यांचा प्रश्न निघणार होता. "अहो, अगदी किरकोळ बाब आहे. तुम्ही निश्चिंत जा. मी आत्ता, तुमच्या डोळ्यांदेखत बरगडी मागे घेतो आणि नवं दार पाठवतो. माझा शब्द."

त्यांनी बाईंच्या हातातून माउस घेतला आणि जोरात सरकवला.

दार हललं नाही.

त्यांनी पुन्हा सरकवला.

"डॉक्टर," शर्वरी म्हणाली, "चूक तर आता त्यांनाही कळलीय. मग हे का हलत नाही?"

मुजावरांनी या वेळी कर्णिकांकडे बघितलं नाही. "ते काहीही बदलणार नाहीयेत."

शर्वरीने फोन काढला आणि उड्डाण थांबवायला सांगितलं. कर्णिक अजून माउस सरकवत होते.