बाकड्यावरचा गोलकीपर

माझ्या खांद्यावर डोकं टेकून तो झोपला, तेव्हा मला त्याचं नावही माहीत नव्हतं.

कागलहून कोल्हापूरला येणारी चारची एसटी. मी फिजिओथेरपिस्ट आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या दवाखान्यात जाते आणि संध्याकाळी शाहूपुरीत माझं स्वतःचं छोटं क्लिनिक असतं. त्या दिवशी वीस-बावीस कामगारांच्या माना आणि कंबरा मोकळ्या करून माझेच हात गळून गेले होते. बाहेर ऑगस्टचा कंटाळलेला पाऊस भुरभुरत होता.

"पावणं, तिथं मॅडमशेजारी जागा हाय की, बसा," कंडक्टर म्हणाला, आणि एक उंच पोरगा संकोचत बसला. अंगाला ग्रीसचा वास, मांडीवर पिशवी. गोकुळ शिरगाव यायच्या आत त्याचं डोकं माझ्या खांद्यावर होतं.

खरं तर मी खांदा काढून घेणार होते. पण दमलेल्या माणसाची झोप मला ओळखू येते. शिवाय त्याच्या पिशवीतून गोलकीपरचे हातमोजे डोकावत होते... अंगठ्याजवळ जाड दोऱ्यानं शिवलेले. मी तशीच बसून राहिले.

उजळाईवाडीच्या खड्ड्यानं त्याला जाग आली.

"सॉरी मॅडम... लई वेळ झोपलो व्हय?"

"निम्मा रस्ता."

"मग उठवायचं की."

"उठवणार होतो. पण म्हटलं, गोलकीपर हाय, पडायची सवय असंल."

आमच्याकडच्या पोरी 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात. तो हसला. हसताना त्याचे डोळे आधी हसायचे, ओठ मागाहून.

"कुठल्या टीमला खेळता?" मी विचारलं.

"गजेंद्र तालमीला. पण खेळत न्हाई मॅडम, बसतो. दोन नंबरचा गोलकीपर. एक नंबरला जिनेंद्र अण्णा हाय."

मी खिडकीबाहेर पाहिलं. गजेंद्र तालीम म्हणजे आमच्याच पेठेची फुटबॉल टीम, आणि जिनेंद्र अण्णा म्हणजे जिनेंद्र मगदूम. माझा सख्खा थोरला भाऊ.

"तीन सीझन झालं," तो सांगत होता. "सगळी मिळून अकरा मिनिटं खेळलोय. अण्णाच्या भुवईला लागलंतं तवा. अकरा मिनिटांत बॉल दोनदा आला... दोन्ही धरले."

"मग राग येत असेल अण्णांचा?"

"त्याचा कशाला? वाघ हाय त्यो. त्याच्याकडं बघूनच शिकलो की."

त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता, फक्त थकवा होता. सकाळी सातला मशीनवर उभं राहायचं, साडेतीनला सुटायचं, पाचला मैदानावर जायचं आणि रविवारी दुसऱ्याचा खेळ बघत बाकड्यावर बसायचं. बसस्थानकावर उतरताना त्यानं नाव सांगितलं – आकाराम. "आजोबाचं नाव हाय. हसा, सगळीच हसत्यात."

मी हसले नाही. पण घरी जाईपर्यंत ते नाव तोंडात घोळत राहिलं.

*

त्यानंतर प्रत्येक मंगळवारी आणि शुक्रवारी तो माझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवायचा. तो गारगोटीच्या पुढच्या एका खेड्यातला. शाळेच्या स्पर्धेत त्याला बघून तालमीचे कोच पिराजीमामा त्याला कोल्हापूरला घेऊन आले. तालमीच्या माडीवर एक खोली दिली, एमआयडीसीत नोकरीला चिकटवलं. त्या उपकारापायी तो तीन वर्षं न कुरकुरता बसला होता.

मी कोण, ते त्याला सप्टेंबरात कळलं. पिराजीमामांचा निरोप घेऊन तो आमच्या घरी आला आणि दार मी उघडलं.

"म्हंजे... तुमच्या भावाबद्दल मी तुमच्याचपाशी..."

"वाघ म्हणालास. बरं झालं, दुसरं काही म्हणाला नाहीस."

"अजून काय काय बोललोय मी?"

"खूप काही. मला 'मॅडम' म्हणायचं सोड, मग विसरून जातो."

त्याचे कान लाल झाले. पुढच्या शुक्रवारी त्यानं चाचरत "प्राची" म्हटलं, आणि मग गोकुळ शिरगावपर्यंत हातमोज्याचा दोरा चाळवत बसला.

ऑक्टोबरपासून मी बुधवारीही कागलला जाऊ लागले. बुधवारी दवाखाना बंद असतो. मी तीनला कोल्हापुरातून निघून कागलला उतरायची आणि चारच्या गाडीनं परत फिरायची. घरी सांगितलं, पेशंट वाढलेत. वेडेपणा होता, आणि दमणूकही. पण त्या दमणुकीनं छान झोप लागायची.

*

अण्णाच्या गुडघ्याचं मात्र मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

उजव्या गुडघ्याची कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, झिजून गेली होती. एमआरआय मीच करवून आणला होता. गेला पूर्ण सीझन मी दर रविवारी सकाळी त्याच्या गुडघ्याला टेप लावत होते आणि त्याच्या जोरावर तो उड्या मारत होता. "एक सीझन अजून," तो म्हणायचा. "कुणाला बोलायचं न्हाई, शपथ हाय माझी." शपथ त्यानं घातली नसती तरी मी बोलले नसते. पेशंटचं दुखणं बाहेर सांगायचं नसतं, मग तो भाऊ का असेना.

अण्णा चौतीस वर्षांचा. पेठेत त्याला रस्त्यानं चालताना थांबावं लागायचं. म्हातारी माणसं त्याच्या पाठीवर थाप मारायची, दुकानदार चहा पाजायचे. आमच्या कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे खेळ नव्हे, घरचं कार्य असतं. आणि अण्णा बारा वर्षं त्या कार्यातला मान घेत होता.

नोव्हेंबरात, खेळाडूंची नोंदणी सुरू व्हायच्या आठवड्यात, उदयकाळ क्लबचा निरोप आला. तुमचा दोन नंबरचा गोलकीपर आम्हांला द्या, आमचा स्ट्रायकर तुम्ही घ्या.

तालीम दुभंगली. चहाच्या गाड्यावर, केशकर्तनालयात, जिथं तिथं तोच विषय. काही म्हणत, गोल मारायला माणूस नाही म्हणून दोन फायनल घालवल्या, बाकड्यावरचा पोरगा कशाला सांभाळायचा? काही म्हणत, अण्णा चौतीसचा, उद्या काय करणार? पिराजीमामांनी अण्णाला विचारलं. अण्णा म्हणाला, "सोडा त्याला. मी हाय की."

हे आकारामला दुसऱ्याच कोणी तरी सांगितलं.

शुक्रवारी तो गाडीत बसला तेव्हा चेहरा उतरलेला होता. "अण्णाच म्हणाला सोडा. त्याला मी नको झालोय, व्हय?"

"तसं नसेल."

"मग कसं हाय? तू घरातली हायस." तो माझ्याकडे वळला. "प्राची, उदयकाळ एक नंबरला खेळवतो म्हणतंय. पण मामांची खोली सोडायची, पेठ सोडायची... एक सीझन अजून थांबलो तर माझा नंबर लागंल का गं? खरं सांग. जाऊ का ऱ्हाऊ?"

उत्तर मला ठाऊक होतं. एक सीझनही थांबावं लागणार नव्हतं, अण्णाचा गुडघा जानेवारीपर्यंतही टिकणार नव्हता. ते एक वाक्य बोलले असते तर तो इथंच राहिला असता – आमच्या पेठेत, आमच्या गल्लीपासून दोनशे पावलांवर. वाक्य ओठांपर्यंत आलं.

"जा," मी म्हणाले.

तो पिशवी आवरायला लागला. मग नुसताच "बरं" म्हणाला, आणि बसस्थानक यायच्या आधीच, शाहू नाक्याला उतरून गेला.

*

रविवारी सकाळी अण्णा नेहमीसारखा पाय लांब करून पलंगावर बसला. दहाला तालमीत बैठक होती, त्याआधी सराव. मी टेपचं रीळ हातात घेतलं आणि परत ठेवून दिलं.

"आज नाही लावणार. आणि इथून पुढं कधीच नाही."

"का? काय झालं?"

"तू खेळायचं का नाही, ते तू ठरव. तुझं कुणाला सांगणार नाही, ते मी पाळलंय. पण हा गुडघा बांधून तुला मैदानात पाठवायचं काम माझ्याच्यानं होत नाही आता. दमलो मी, अण्णा."

त्यानं टेपकडे पाहिलं. मग म्हणाला, "त्या पोराचं काय हाय तुझं?"

"आहे. पण त्यासाठी नाही बोलत. त्याला तर मी जा म्हणून सांगितलंय."

"सांगितलंस? गुडघा ठाऊक असून?"

"ठाऊक होता म्हणूनच."

अण्णानं स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात मोठा आहे, बोटं दोन ठिकाणी वाकडी झालेली.

"त्यो ऱ्हायला तर सगळी त्याच्याकडं बघतील," तो शेवटी म्हणाला. "सरावात त्यो उडी मारतो तवा मीच बघत बसतो. आपण कवा तरी अशी मारत होतो, असं वाटतं. म्हणून म्हटलं, सोडा. स्ट्रायकर-बिट्रायकर काय न्हाई. भीती वाटली मला."

माझा भाऊ असं बोलताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. तो उठला, टेपशिवायच, आणि लंगडत तालमीकडे गेला. लंगडणं त्यानं लपवलं नाही.

*

बैठकीत काय झालं ते मला पिराजीमामांनी सांगितलं. अण्णानं पँट गुडघ्यापर्यंत वर सारून सगळ्यांना सूज दाखवली आणि म्हणाला, "माझं संपलंय. पोराला सोडा म्हणालो ते माझ्यासाठी म्हणालो. चुकलं." मग सगळे एकदम आकारामकडे वळले – म्हणजे आता तू कुठं जायचं नाहीस, तूच एक नंबर.

आकाराम दाराशी उभा होता. तो म्हणाला, "परवा जा म्हणालात, आज ऱ्हा म्हणताय. मला कुणी इचारलंच न्हाई, मामा."

यावर अण्णाच म्हणाला, "बरोबर हाय त्याचं. तीन वर्सं आपण त्याला बसवलं. त्याला सोडल्याची चिठ्ठी लिहून द्या, मग जायाचं का ऱ्हायाचं ते त्यो ठरवू दे."

मामांनी चिठ्ठी लिहिली. ते सांगतानाही त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

बुधवारी मी कागलच्या स्टँडवर उभी होते. तो आला, शेजारी उभा राहिला. गाडी लागली तरी आम्ही चढलो नाही.

"तुला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"होतं."

"मग तवा का न्हाई बोललीस?"

"पेशंटचं बोलत नसतो मी. आणि बोललो असतो तर तू थांबला असतास. अण्णाच्या गुडघ्यासाठी थांबला असतास, स्वतःसाठी नाही."

त्यानं खिशातून चिठ्ठी काढली, उघडली, परत मिटली. "उदयकाळला जातोय. काल सांगून आलो. ऱ्हायलो असतो तर दुसऱ्याचं मोडलं म्हणून खेळलो असतो. एकदा तरी माझ्या खेळासाठी कुणी तरी बोलावलंय... वाईट वाटतंय, पण जातोय."

"जा की. मी तेच म्हटलं होतं."

"तू म्हणालीस तवा मला वाटलं – हिला मी नको."

गाडी सुटली. पुढची अर्ध्या तासानं होती.

"आकाराम, आज वार कुठला?"

"बुधवार."

"माझा दवाखाना मंगळवारी आणि शुक्रवारी असतो. बुधवारी तिथं कुलूप असतं."

त्याला कळायला वेळ लागला. आधी डोळे हसले.

"म्हंजे इतक्या बुधवारी... नुसती मागं फिरायला?"

"एसटीला महिलांना निम्मं तिकीट आहे. परवडतं."

"प्राची..." तो म्हणाला. त्यानं माझा हात धरला. मशीनवर काम करून खरखरीत झालेला त्याचा तळवा, आणि दिवसभर लोकांचे सांधे दाबून दुखणारी माझी बोटं. स्टँडवर शंभर माणसं होती. मी हात सोडवून घेतला नाही.

"विरुद्ध टीमचा झालो आता मी," तो हळूच म्हणाला. "तुझी पेठ शिव्या घालंल मला."

"घालू दे. मलाही घालेल. सोबत ऐकू."

*

घरी हे सांगितलं तेव्हा आई चार दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. आम्ही जैन, हा गारगोटीकडचा, मराठ्याचा, आणि आता तर दुसऱ्या टीमचा. पेठेत कुजबुज होतीच – पोरीनंच भावाला बसवलं आणि त्या पोराला पळवलं. अण्णा दुपारी गल्लीतून जायचं टाळायचा. बारा वर्षांनी प्रथमच त्याच्या रविवारांना काही काम नव्हतं, आणि तो घरात खूप थकलेला दिसायचा.

पाचव्या दिवशी आकाराम खोली रिकामी करून, पिशवी खांद्याला लावून, अण्णाचा निरोप घ्यायला आला. संध्याकाळ होत आली होती. आई सूर्यास्तानंतर जेवत नाही, तिचं ताट वाढून झालं होतं. आकाराम उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"येतो अण्णा," तो म्हणाला. "काय चुकलं असंल तर..."

"डाव्या बाजूला तू उशिरा पडतोस," अण्णा म्हणाला. "पाय आधी टाक, मग अंग. इथं कुणी सांगितलं नसंल, कारण सांगायचं काम माझं होतं. रविवारी सकाळी ये, दाखवतो."

"मी उदयकाळचा हाय आता."

"मला काय त्याचं. मला रविवारी काय काम न्हाई."

आकारामनं मान खाली घातली. अण्णानं पश्चिमेच्या खिडकीकडे पाहिलं. समोरच्या घरांच्या कौलांवर अजून थोडं पिवळं ऊन होतं.

"आई," तो आत बघून म्हणाला, "दिवस बुडायला अजून दहा मिनिटं हायत. ह्यो पहाटे पाचला उठलेला माणूस हाय, उपाशी असंल. ह्याला बी ताट वाढ."

मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते.

मग फळीवरून ताट काढल्याचा आवाज आला. "हातपाय धू म्हणावं आधी," आई म्हणाली, "आणि लवकर बस म्हणावं."