डॉक्टरसाहेबांची नळी

माझ्या नवऱ्याला, रशादला, खोटं वागता येत नसे. मनात आलं की तोंडावर दिसलंच. असा माणूस नट व्हायला निघालाय म्हटल्यावर माझ्या आईने लग्नाआधीच कपाळाला हात लावला होता. किती वर्षं त्याने शिपाई नाहीतर वाढपी म्हणून कोपऱ्यात उभं राहून काढली. मग यंदा रमजानच्या मालिकेत त्याला डॉक्टरचं काम मिळालं.

चित्रीकरण एका बंद पडलेल्या इस्पितळात चाले. स्टेथोस्कोपही तिथल्याच कपाटात सापडलेला. छाती ऐकताना डॉक्टरला कळतं की हा पेशंट वाचणार नाही, असा प्रसंग होता, आणि रशादला तो काही केल्या जमेना. खाटेवर हाज्जा बहीजा होती, मालिकांत आजारी म्हाताऱ्यांच्या छोट्या भूमिका करणारी.

"अरे, लवकर मार रे मला," ती म्हणाली. "घरी मुलुखियाची भाजी निवडायचीय."

रशादने पुन्हा नळी लावली, आणि त्याचा चेहरा असा पांढराफटक पडला की दिग्दर्शक टाळ्या वाजवायला लागला.

त्या एका चेहऱ्याने रशाद मोठा झाला. आमची सगळी शुब्रा वस्ती त्याला डॉक्टरसाहेब म्हणू लागली. भाजीवाला पैसे घेईना. हाज्जा मात्र तो भाग बघायला राहिली नाही. चित्रीकरणाच्या दुसऱ्या सकाळी ती उठलीच नाही.

"तिच्या छातीत काहीच वाजत नव्हतं, इन्शिराह," रशाद मला म्हणाला. "आणि ती माझ्याशी बोलत होती..."

"जुनाट नळी ती. बिघडली असेल."

"मग तुझं कसं ऐकू येतं?"

त्यानंतर चित्रीकरणाचे दिवे लावणारा साबिर. त्याने थट्टेत शर्टाची बटणं सोडून छाती पुढे केली होती. तोही आठवड्याच्या आत गेला. रशादची झोप उडाली. पण दिग्दर्शकाला तोच चेहरा रोज हवा होता, आणि रशाद शिकला. हवा तेव्हा तो चेहरा आणायचा, हवा तेव्हा पुसायचा.

काल उपवास सुटायला थोडा वेळ होता. मी कतायफच्या गोड करंज्यांत अक्रोड भरत होते. गल्लीतून तळणाचा वास येत होता. आमची नव्वारा बापाची बॅग उपसून, नळी गळ्यात घालून त्याच्या मांडीवर चढली.

"बाबा, मला तपासा ना!"

रशाद मागे सरकला. मीच म्हणाले, "साऱ्या मिसर देशाला तपासून दाखवतोस, पोरीला तेवढं नाही? ऐक एकदा, म्हणजे मनातलं भूत जाईल." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्याने नळी लावली. खूप वेळ ऐकत राहिला. नव्वारा गुदगुल्या होऊन खिदळत होती.

"काय रे...?"

तो हसला. इतकं गोड, इतकं निवांत हसू मी त्याच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

"छान वाजतंय," तो म्हणाला.

"आण इकडे. मी ऐकते."

रशादने ओट्यावरची कात्री उचलली आणि नळीचे दोन तुकडे केले. हसू तसंच होतं.

"सांगितलं ना, छान वाजतंय."

तेवढ्यात उपवास सोडायची तोफ झाली. त्याने पहिला खजूर नव्वाराला भरवला.

आत्ता ती माझ्या मांडीवर झोपलीय. तिच्या छातीवर माझा हात आहे. खाली धडधडतंय, अगदी नीट धडधडतंय. पण हात ठेवला असता, तर हाज्जाचंही धडधडलंच असतं...