भंडाऱ्याची मिसल

"इथं अंगठा दे," हिरालाल म्हणाला, आणि त्यानं स्टँपाचा कागद आईच्या पुढ्यात ठेवला.

रुख्माचा सुपावरचा हात थांबला. लेक आपणहून तिच्यासमोर येऊन बसला, त्याला किती दिवस झाले होते कोण जाणे! दोन घास खायलाही तो अंगणापलीकडे काकाच्या चुलीशी जायचा. आज बसला होता, पण त्याची नजर कागदावरून वर येत नव्हती.

"कायचा हाय हा?" तिनं विचारलं.

"अर्ज. भंडाऱ्याच्या कोर्टातून बापाची मिसल काढून राहिलो मी. खटल्याचे सारे कागद असतेत तिच्यात. गोंदियाचा अर्जनवीस म्हणते, अर्ज बायकोच्या नावानं पायजे, आन् ती सोबत पायजे."

रुख्माच्या हातून सूप सुटलं नाही, एवढंच. तांदूळ मात्र कडेनं सांडले.

"तुले इचारलं तं तू बोलत नाही," हिरालाल पुढं म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच तिच्या काळजात जास्त खोल गेला. "सारं गाव म्हणते, तू जजापुढं उभी राहून बापाचं नाव घेतलं, म्हणून तो जेहलात गेला आन् तिथंच मेला. आता तिरोड्याच्या पाहुण्यायनंही तेच इचारलं. बैसाखात लगन हाय माहं. खोटं निघालं तं लगनानंतर तुले गोंदियाले माह्या नव्या बिऱ्हाडी नेतो. खरं निघालं तं तू इथंच राय. माह्या दारात माय म्हणून येऊ नको."

खरं होतं ते! अक्षर न् अक्षर खरं होतं! त्या मिसलीत काय लिहिलं आहे ते रुख्माइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. अंगठा नाही दिला तर कबुली दिल्यासारखं, आणि दिला तर कागद गावाचीच री ओढणार... तरी तिनं शाईत अंगठा बुडवला. का, असं कुणी विचारलं असतं तर त्या माउलीला सांगता आलं नसतं. भंडाऱ्याला जायचं म्हणजे जाऊन-येऊन सबंध दिवस लेकाच्या शेजारी बसायला मिळेल, एवढाच लोभी विचार त्या क्षणी तिच्या मनात आला होता.

पलीकडच्या पडवीतून घनश्याम हे सगळं ऐकत होता. तिचा धाकटा दीर. हिरालालला खांद्यावर घेऊन नागऱ्याच्या महादेवाची जत्रा दाखवणारा, गोंदियाच्या इंग्रजी शाळेत घालणारा, त्याच्या तापात रात्ररात्र उशाशी बसणारा काका. तो पुढं आला आणि पुतण्याला म्हणाला, "जुनं कायले उकरून राहिला बाप्पा? मेलेल्या माणसाले काय भेटंल त्याच्यानं?"

"मेलेल्याले नाही काका, मले भेटंल," हिरालाल म्हणाला.

घनश्यामनं वहिनीकडे पाहिलं नाही. इतक्या वर्षांत त्यानं तिच्याकडे सरळ कधी पाहिलंच नव्हतं. मोठ्या भावजयीचा मान ठेवतो, असं लोक कौतुकानं म्हणत. लोकांना काय, दिसेल त्याला चांगलंसं नाव देऊन मोकळे!

रुख्माला तो दिवस उन्हासकट आठवत होता. मानमोडीच्या तापाच्या साथीनंतरचं वर्ष. साथीत सासू गेली होती, आणि जाताना तिनं धाकट्या घनश्यामचा हात थोरल्याच्या हातात दिला होता. पुढच्याच आश्विनात पावसानं दगा दिला. धान निसवायला आलेलं, आणि दोन गावांत मिळून एकच बोडी. त्या तळ्याचं पाणी आज कुणी आणि उद्या कुणी वळवायचं यावरून काठावर शिवीगाळ झाली. रुख्मा दुपारची शिदोरी घेऊन बांधावरून येत होती. पलीकडच्या गावच्या बकारामनं तिच्या नवऱ्याची गचांडी धरलेली तिनं पाहिली, आणि मिसरूडही न फुटलेल्या घनश्यामनं मागून धावत येऊन घातलेली काठीही पाहिली. एकच घाव. बकाराम पाण्यात पडला तो उठलाच नाही.

तिचा नवरा क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्यानं भावाच्या हातातली काठी हिसकून घेतली आणि म्हणाला, "घरी पळ. तू इथं नव्हताच."

हवालातीच्या गजांआडून त्यानं तिला सांगितलं होतं. "मायनं त्याले माह्या हाती सोपवलं हाय. पोलीस त्याच्याही मांगं लागले हायेत. तू पाह्यलंस म्हणून सांग. माहं नाव घे. बाई आपल्या नवऱ्याचं नाव घेते तं ते खोटं हाय असं कोणी म्हणणार नाही. आन् हे कोणालेच सांगू नको. हिऱ्यालेही नाही."

त्या काळची बाई ती. लग्नातल्या उखाण्याखेरीज नवऱ्याचं नाव तिच्या ओठांवर आलं नव्हतं. ते दुसऱ्यांदा घ्यायचं ते कोर्टात, आणि ते असं!

भंडारा रोडला गाडीतून उतरून, टांग्यानं ती दोघं कोर्टाच्या आवारात पोचली तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. वाटेत हिरालाल तिच्याशी एकच वाक्य बोलला होता, "पाणी पायजे काय?" तेवढ्यानंही तिला भरून आलं होतं. जुन्या मिसली ठेवलेली खोली इमारतीच्या मागच्या अंगाला होती. छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे. म्हातारा कारकून चष्म्यावरून पाहत म्हणाला, "साल आणि आरोपीचं नाव सांगा, बाई."

"मानमोडीच्या दुसऱ्या वर्षी," रुख्मा म्हणाली.

"ठीक. नाव?"

रुख्मानं लेकाकडे पाहिलं.

"बाई, अर्ज तुमचा आहे. ओळख पटवायला तुमच्या तोंडून यायला हवं. नवऱ्याचं नाव काय?"

तिनं पदर ओढून घेतला. ओठ हलले, पण शब्द फुटेना. शेजारी खोळंबलेले दोन पक्षकार हसले. हिरालालच्या कपाळाची शीर उठली. "उदाराम," तो तडकून म्हणाला. "उदाराम लिहा साहेब. तिच्यानं नाही होत ते." मग आईकडे वळून, फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाला, "तवा बरं घेता आलं?"

रुख्मानं ते मुकाट गिळलं. असे किती घोट तिनं आजवर गिळले होते... पण लेकाच्या हातचा घोट सगळ्यांत कडू असतो.

कारकून बराच वेळ आत होता. परत आला तेव्हा त्याच्या हातात गठ्ठा नव्हता, दोन-चार पिवळे कागद होते. "जबान्या नाहीत," तो म्हणाला. "मुदत भरली की साक्षीपुराव्याचे कागद काढून टाकतात. निकाल तेवढा ठेवतात. तो इथं बसून वाचा. नक्कल हवी असेल तर वेगळा अर्ज."

जबान्या गेल्या! क्षणभर रुख्माच्या मनाला पालवी फुटली. आणि तेवढ्यात हिरालाल इंग्रजी निकाल मराठी करून अडखळत वाचू लागला.

"...आरोपीची बायको, हीच घटना डोळ्यांनी पाहिलेली मुख्य साक्षीदार..."

तो थांबला. त्याचा चेहरा दगडासारखा झाला. रुख्मानं डोळे मिटून घेतले. झालं! आता पुढचं काय वाचायचं राहिलं? पण तो वाचत राहिला, कदाचित आईला ऐकवण्यासाठीच.

"घाव कुणी घातला असं विचारता ती फार वेळ गप्प राहिली. या मुलखात बायका नवऱ्याचं नाव उच्चारत नाहीत हे कोर्टाला ठाऊक आहे. तिनं बोट दाखवलं तरी चालेल असं कोर्टानं सांगितलं. परंतु पिंजऱ्यातून आरोपीनंच मोठ्यानं तिला हुकूम केला की माझं नाव घे. तेव्हा ती नाव घेऊन रडू लागली. असा निर्ढावलेला आरोपी कोर्टानं क्वचितच पाहिला असेल. शिक्षा ठरवताना या उद्धटपणाचा..."

हिरालालचं बोट परत त्या हुकमाच्या ओळीवर गेलं. त्यानं ती ओळ पुन्हा वाचली, मनातल्या मनात. परक्या मुलखातून आलेल्या त्या जजाला त्यात उद्धटपणा दिसला होता, बिचारा त्याच्या परीनं बरोबरच होता. पण हिरालाल याच मुलखात वाढला होता. घटकेपूर्वीच त्यानं या बाईचं चारचौघांत हसू होऊ दिलं होतं, कारण इतक्या वर्षांनंतरही तिच्या ओठांवर ते नाव येत नव्हतं.

"बोट दाखवलं असतंस तरी चाललं असतं," तो हळूच म्हणाला. "बापानंच म्हटलं, नाव घे. काऊन?"

रुख्मानं मान वळवली.

"त्याले फसायचंच होतं काय, माय?"

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "त्यायनं सांगतलं, मी घेतलं," ती म्हणाली. "याच्याहून जास्त मले इचारू नको बाबू."

कारकुनाला अशा रडण्याची सवय असावी. तो आपला कागद चाळत होता. "निकालाच्या खाली आणखी एका मिसलीचा नंबर आहे," तो म्हणाला. "मयताच्या गावानं केलेली वेगळी फिर्याद. पुढं चालली नाही, पण त्यांच्या माणसांच्या जबान्या त्यात असतील. निकाल न लागलेली म्हणून ती शाबूत आहे, आत्ताच मी फळीवर पाहिली. कुणी कुणाला मारलं ते सगळं निघेल. त्यात आरोपी..." त्यानं चष्मा सारखा केला. "घनश्याम म्हणून कोणी आहे. तुमच्यातलाच का? बाईंनी इथं अंगठा द्यावा, म्हणजे काढतो."

त्यानं शाईची डबी पुढं सरकवली.

काका तर त्या दिवशी घरी होता. हिरालाल जन्मभर हेच ऐकत आला होता. त्यानं आईकडे पाहिलं. रुख्मानं दोन्ही हात पदराआड नेऊन घट्ट धरले होते. कोर्टाला तिनं कधी इतकं भ्यायलेलं तोंड दाखवलं नसेल. लेकाचा एक बाप तर गेलाच होता, दुसरा त्या फळीवरच्या लाल फडक्यात बांधलेला होता. तो असा उघडा पडू नये म्हणून ती लेकाच्या दारात कधी न जायलाही तयार झाली होती...

"तेवढं नको मागू बाबू," ती पुटपुटली. "माह्यावर राग धर. जलमभर धर. पर ते नको मागू."

हिरालालनं शाईच्या डबीकडे पाहिलं. बाप, काका आणि आई अशी तिघंही त्याच्यापुढं एकदम उभी राहिली असतील, आणि ज्या एकीला त्यानं घरात असून परकी केलं, तीच तेवढी खरोखर समोर होती. शेवटी त्यानं हात पुढं करून शाईची डबी बंद केली.

"नको साहेब," तो म्हणाला. "आमचं काम झालं."

व्हरांड्यात आल्यावर तो खाली बसला, भर कोर्टात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांत, आणि त्यानं आईच्या पायांवर डोकं ठेवलं. रुख्मानं त्याला उठवायचा प्रयत्न केला आणि शेवटी तीच खाली बसली. "इतके वरस तू एकटी..." एवढंच त्याच्या तोंडून आलं. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. लेक परत मिळाला होता, याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण जे ओझं त्याच्या खांद्यावर कधी पडू नये म्हणून तिनं आयुष्य जाळलं, ते आता त्यानंही उचललं होतं, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला आपल्या आनंदाचीच लाज वाटली.

गोंदियाच्या स्टेशनाबाहेर घनश्याम बंडी जुंपून उभा होता. ऊन उतरलं होतं. सकाळी गेलेली माणसं संध्याकाळच्या गाडीनं येणार हे त्याला ठाऊक होतं, तरी बैलांचं शेण पाहून कुणीही सांगितलं असतं की तो दुपारपासून तिथंच होता. त्याची दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. एका दिवसात माणूस म्हातारा दिसू लागला होता.

"भेटली काय मिसल?" त्यानं विचारलं.

"जबान्या जाळल्या म्हणतेत काका," हिरालाल म्हणाला. "काही नाही भेटलं."

त्यानं आईला हात देऊन बंडीत चढवलं. तिच्या पाठीशी घोंगडी घडी करून लावली आणि काकाच्या हातातला कासरा घेतला. "तू मांगं बस. थकला असशील. मी हाकतो."

घनश्याम मागं आला आणि वहिनीच्या समोर बसला. बंडी नागऱ्याच्या रस्त्याला लागली. पुतण्याच्या पाठीकडे तो पाहत राहिला. मग त्यानं नजर वळवली, आणि किती वर्षांनी कोण जाणे, रुख्माच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

"वयनी," तो म्हणाला. "त्याले समजलं काय?"

रुख्माला वाटलं, सांगावं. एकदाच, मोकळं व्हावं. या माणसाला विचारावं की गाव माझ्या नावानं थुंकत होतं तेव्हा तू मान खाली घालून काऊन बसलास? पण त्याच्या मानेवर पिकलेले केस तिला दिसले. सासू गेली तेव्हा याच मानेला मिठी मारून लहानगा हिरालाल रडला होता.

"नाही," ती म्हणाली. "त्याले काही नाही समजलं."

पुढं बसलेल्या हिरालालनं मागं वळून पाहिलं नाही. बैलांना त्यानं जरा आवरलं, आणि अगदी साध्या आवाजात तो म्हणाला, "हाव काका. मले काही नाही समजलं."

घनश्यामनं खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर घेतला आणि घर येईपर्यंत तो काढला नाही.