जेवताना दिलेला शब्द

कृष्णातच्या गाडीची क्लच वायर तुटली, ती नेमकी हंबीररावांच्या दुकानासमोर. शाहूपुरीत स्पेअर पार्टची दुकानं काय कमी आहेत? चार पावलं पुढं जाऊन तुटली असती, तर दोन जीव सुखात राहिले असते. पण तुटली ती तिथंच.

हंबीरराव म्हणजे पिंपळकट्टा तालमीचे अध्यक्ष. तालीम मूळची कुस्तीची, पण आता पेठेचा फुटबॉल संघ तीच चालवायची. दुकान नावाला पार्टांचं, बाकी दिवसभर तिथं फुटबॉलच चालायचा. बाहेरच्या बाकड्यावर पेठेतली रिकामी माणसं चहा पीत बसायची आणि गल्ल्यावर हंबीररावांची थोरली, संयोगिता. बी.कॉम. झालेली, नाक जरा वर, जिभेला धार. बाप कुठं गेला असला की दुकान आणि वाद, दोन्ही तीच चालवायची.

त्या आठवड्यात वाद एकच होता. तालमीचा फॉरवर्ड कृष्णात, ज्यानं मागच्या हंगामात पेठेला नाचवलं, त्यानं यंदा अट घातली होती. मानधन वाढवा, आणि खेळताना पाय मोडला तर दवाखाना तालीम बघेल असं कागदावर लिहून द्या. तरच नोंदणीची सही करतो. नाहीतर बुरुज तालीम बोलावतीय.

"द्यावं की लिहून," विश्वजित म्हणाला. हा बँकेत कारकून, त्याला जगातलं सगळं कागदावर लागायचं. "पोरगं दिवसभर शिरोलीत मशीनवर उभं ऱ्हातंय, सांजचं आपल्यासाठी पळतंय. मागितलं तर चुकलं काय?"

"कागद?" पिराजीमामा बाकड्यावरून अर्धे उठले. "माझ्या बापानं ह्या तालमीपायी चार दात घालवलं. त्यानं मागितला व्हय कागद?"

"म्हणूनच मामा, मरूस्तवर दुधात भाकरी कुस्करून खाल्ली त्यांनी."

बाकडं हसलं. संयोगिता मात्र हसली नाही. समोर कुणी हेल्मेटवाला येऊन उभा होता, त्याच्याकडं न बघताच ती बोलत सुटली. "विश्वजितदा, तुमी त्याची बाजू घेऊ नका. बावड्याचं पोरगं, कोण वळखत हुतं त्याला? पेठेनं डोक्यावर घेतलं, चौकात फ्लेक्स लावला हत्तीएवढा. आता चार गोल काय मारलं, आमचा शब्द पुरंना झाला व्हय त्याला? खेळाडू न्हाय तो, व्यापारी हाय... काय पायजे पावणं?"

"क्लच वायर."

ती वळून फडताळात शोधायला लागली. तोंड चालूच. "असल्याला जाऊ द्यावं बुरुजकडं. बसंल मग बाकड्यावर—"

"अकरा," हेल्मेटमधून आवाज आला.

"काय?"

"चार न्हाय. अकरा मारलेत."

त्यानं हेल्मेट काढलं. पिराजीमामांना एकदम चहात काहीतरी पडलेलं दिसलं. विश्वजित रस्त्यावरची वाहनं मोजायला लागला. संयोगिताचे कान गाजरासारखे लाल झाले, पण माघार घेणं तिच्या रक्तात नव्हतं.

"अकरा तर अकरा," ती म्हणाली. "वायरीचं बिल करू?"

"करा की." तो हसला. डाव्या गालावर जुनी खोक होती, ती हसताना आत जायची. "कागदावर द्या."

तिनं बिल लिहिलं. आकडा दोनदा गिरवावा लागला.

चार दिवसांनी तो इंडिकेटरचा बल्ब घ्यायला आला. मग आरसा. मग हँडलची रबरी मूठ, तीसुद्धा एकच.

"दुसरी नको?" तिनं विचारलं.

"दुसरी परवा."

"गाडी विकायला काढलीया काय? एवढी नटवायला लागलाय."

"गाडी कशापायी विकू? तिच्यामुळं तर..." तो थांबला.

"तिच्यामुळं काय?"

"काय न्हाय. शिव्या खायला मिळाल्या."

"आणखी पायजेत?"

"रोज मिळतात काय? का आगाऊ सांगून ठेवावं लागतंय?"

ती खाली बघून हसली. अशी हसली की गल्ल्यात सुट्टे द्यायचे विसरली. तोही मागायला विसरला. बाकड्यावरची माणसं एवढी खुळी नसतात, पण फॉरवर्ड पेठेत येतोय-जातोय हेच त्यांना पुष्कळ होतं.

नोंदणीला आठवडा उरला, तेव्हा एका रविवारी बावड्याच्या रस्त्यावरच्या रसवंतीत दोघं भेटली. साखर कारखान्याचा हंगाम चालू होता. हवेत मळीचा तो आंबूस गोड वास, नको म्हटलं तरी केसात बसणारा. रस काढणाऱ्यानं घुंगरं बांधलेला चरक चालू केला की बोलणं थांबवावं लागायचं. आणि नेमकी बोलायच्या वेळीच घुंगरं वाजायची.

"तुला खरंच एवढा लोभ हाय?" तिनं विचारलं. एव्हाना 'तुमी' कधीच मागं पडलं होतं.

"राजवीर ठावा हाय तुला? आपला गोली हुता."

"घोटा मोडला तो?"

"व्हय. पहिल्या आठवड्यात चाळीस माणसं आली बघायला. शहाळ्यांचा ढीग लागला दारात. दुसऱ्या महिन्यात एक्स-रेला एकटा गेला, रिक्षानं." त्यानं ग्लास फिरवत ठेवला. "पेठ वाईट न्हाय गं. जीव लावती. पण जीव लावलेला माणूस इसरतो की. कागद इसरत न्हाय. मानधन हाय तेवढंच द्या म्हणंल मी. कागद पायजे."

"आणि न्हाय दिला तर?"

"तर बुरुज."

घुंगरं थांबली होती. तिला वाटलं, आता वाजायला हवी होती.

"बुरुजकडं गेलास," ती हळूच म्हणाली, "तर माझ्या घरात तुझं नाव काढायची सोय न्हाय. आबा तुला उंबऱ्यावर उभं करायचं न्हाईत. मग मी कुणाला आणि काय सांगू..."

"काय सांगणार हुतीस?"

"तेच."

"तेच म्हंजे?"

"गप रस पी."

त्यानं रस प्यायला. पण ग्लासाच्या काठावरून तिच्याकडं बघत प्यायला, आणि सांगायचं ते सांगून झालं.

त्या रात्री ताटावर बसल्यावर तिनं बापाकडं विषय काढला. हंबीरराव तांबड्या रश्श्यात भाकरी मोडत होते, मन प्रसन्न होतं. "पाय मोडला तर आपण काय मेलोय व्हय?" ते म्हणाले. "दवाखाना आपण बघू. सांग त्याला, हंबीररावाचा शब्द हाय. पण कागदबिगद न्हाय. पेठेची अब्रू हाय."

संयोगिताला दोन घास जास्त गेले. तिला एवढं कळायला हवं होतं की बाप घरात बोलतो तो बाप असतो आणि तालमीत बसतो तो अध्यक्ष असतो. पेठेत जन्म गेला तिचा. पण पोरीच्या जातीला बापाचं बोलणं खरं वाटतं, आणि तिला तर ते खरं हवंच होतं.

"आबांनी शब्द दिलाय," दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं.

कृष्णातनं तिच्याकडं बघून विचारलं, "तू सांगतीयास?"

"मी सांगतेय."

"मग झालं," तो म्हणाला, आणि तालमीत जाऊन सही करून आला. जुन्याच मानधनावर, बिनकागदाचा. बाकड्यावर पेढे वाटले गेले. पिराजीमामा म्हणाले, "बघा, रक्तात असाय लागतंय." संयोगितानंही पेढा खाल्ला. तिला वाटलं, आपण जिंकलो.

हंगाम असा गेला की काय सांगावं. स्टेडियमवर ती बायकांच्या गॅलरीत तिसऱ्या पायरीवर बसायची. गोल झाला की बाकीचे खेळाडू प्रेक्षकांकडं पळत सुटायचे; हा जाग्यावर उभा राहून डावी बाही एकदा खाली ओढायचा. सगळ्यांना वाटायचं, सवय असेल. तिला ठाऊक होतं, कुणाकडं बघून ओढतोय. घरी जाताना तिच्या पायाला जमीन लागायची नाही.

एप्रिलमध्ये उपांत्य सामना होता. दुपारी वळीव येऊन गेला होता, मैदान चिखलाचं झालं होतं. कृष्णात चेंडू घेऊन डावीकडून आत शिरला, एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवताना वळला... पाय मातीत तसाच रुतून राहिला आणि गुडघा वळला. कुणी धक्का दिला नव्हता. तो ओरडलाही नाही. नुसता बसला आणि दोन्ही हातांनी गुडघा धरून गॅलरीकडं बघितलं. ती उठून उभी राहिली. भोवतीच्या बायका म्हणाल्या, "बस गं, दिसत न्हाय मागं." ती बसली.

लिगामेंट तुटलं होतं. ऑपरेशन लागणार होतं.

दहा दिवसांनी तालमीच्या पटांगणात बैठक बसली. पन्नास-साठ माणसं, आणि पुन्हा तोच वाद. कुणी म्हणालं, पेठेसाठी पाय गेला, पेठेनं बघावं. कुणी म्हणालं, आज एकाला दिलं तर उद्या रांग लागेल. विश्वजित म्हणाला, "तवाच लिहून दिलं असतं तर आज ही पाळी आली असती काय?" पिराजीमामा म्हणाले, "लिहून दिलं न्हाय, म्हंजे ठरलंच न्हवतं."

हंबीरराव रक्तदाबाची गोळी विसरून आले होते, म्हणून आईनं संयोगिताला पाठवलं होतं. ती फाटकात स्कूटीला टेकून उभी राहिली, गोळीची पट्टी मुठीत. कृष्णात समोर खुर्चीत बसला होता, पाय स्टुलावर, कुबड्या बाजूला.

"ठरलं हुतं," तो शांतपणे म्हणाला. "मला शब्द दिला हुता."

"कुणी?" हंबीररावांनी विचारलं. आवाज अध्यक्षाचा होता. "ह्या तालमीत बसून कुणी दिला? नाव सांग."

कृष्णातनं नाव सांगितलं नाही. त्यानं मान वळवून फाटकाकडं बघितलं.

साठ माणसांच्या माना वळायच्या आधीचा तो एक क्षण होता. एवढासा. तिनं तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं— आबा, तुमीच दिला की, जेवताना. पण बापाचा चेहरा दिसला. कपाळावर घाम, आणि डोळ्यांत एक अशी भीती, जी तिनं त्या माणसाच्या डोळ्यांत जन्मात बघितली नव्हती. ती बोलली असती तर बाप साठ माणसांत खोटा पडला असता. आणि लोकांनी हेही विचारलं असतं, पोरगी कुठल्या नात्यानं निरोप घेऊन गेली?

तिची जीभ, जी सगळ्या शाहूपुरीला पुरून उरायची, ती टाळ्याला चिकटली. तिनं मान खाली घातली.

कृष्णातनं ते बघितलं. मग तो हंबीररावांकडं वळला. "कुणी न्हाय. माझा मीच समजून चाललो हुतो."

"बघा," पिराजीमामा म्हणाले.

घरी आल्यावर ती बापाला म्हणाली, "तुमी शब्द दिलता आबा." हंबीरराव पायातल्या चपला सोडत होते. वर न बघता म्हणाले, "जेवताना बोललेलं आणि तालमीत बोललेलं एक असतंय व्हय, पोरी?"

कृष्णातनं फोन उचलणं बंद केलं नाही. हेच वाईट. उचलायचा, बरं आहे म्हणायचा, जेवलीस का विचारायचा. रागावला असता तर तिला भांडता आलं असतं.

पावसाळा सरत आला तेव्हा ती बावड्यात त्याच्या घरी गेली. त्याची आई, बयाबाई, गोठ्यात होती. दोन म्हशींची दावण रिकामी होती. संयोगितानं विचारलं नाही. बयाबाईनं सांगितलं नाही. नुसतं म्हणाली, "बस बाई. येईल तो. चालायला गेलाय, डाक्टरनं सांगितलंय."

तो बांधावरून आला, काठी न घेता, पण एक पाय जपून टाकत. तिला बघून थांबला. गालावरची खोक आत गेली नाही.

"परत खेळता यायचं न्हाय," तो म्हणाला, जसं कुणी हवापाणी सांगतं. "इचलकरंजीत एका शाळेत पोरांना शिकवाय बोलावलंय. सोमवारी निघतोय."

"मी सांगते आता. तालमीत जाऊन, सगळ्यांसमोर. काय व्हायचं ते होऊ दे."

"कशापायी?"

"खरं हाय म्हणून. आणि मला तू..." एवढ्या दिवसांत एकदाही तो शब्द दोघांपैकी कुणी उच्चारला नव्हता, आणि आता उच्चारावा तर तोंड कडू झालं होतं. "मला तू पायजेस, कृष्णात."

तो बांधावर बसला. बसताना पाय सरळ ठेवावा लागला. "मलाबी तूच पायजे हुतीस. अजून हायस, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवशी मी दवाखान्याच्या पैशापायी तुझ्याकडं बघितलं न्हवतं गं. म्हशी विकून ते झालंच असतं... मला वाटलं, नुसतं वर बघशील."

"मी—"

"आता जन्मभर प्रत्येक येळी मी बघणार, ही वर बघतीया का. तुलाबी सुख न्हाय, मलाबी न्हाय." तो उठला. "आई, च्या टाक गं. पावणी आलीया."

पावणी. तिनं चहा घेतला. कपात किती साखर होती, काही कळलं नाही.

सोमवारी तो गेला. मंगळवारी सांजच्याला ती तालमीच्या पटांगणात गेली. नव्या हंगामाच्या नोंदणीचा वाद चालू होता. कुठलं तरी नवं पोरगं कागद मागत होतं. ती फाटकात थांबली नाही. सरळ मधे जाऊन उभी राहिली, जिथं पेठेतली बाई कधी उभी राहिली नव्हती.

"कृष्णातला शब्द आबांनी दिलता," ती म्हणाली. "घरात, जेवताना. निरोप मी नेला. त्यानं माझ्यावर भरवसा ठेवून सही केली."

हंबीरराव खुर्चीत तसेच बसून राहिले. त्यांनी नाही म्हटलं नाही. मग विश्वजितनं पुढ्यातला कोरा कागद ओढला, पेन काढलं आणि अध्यक्षांकडं बघितलं. हंबीररावांनी हातानं खूण केली, लिही.

पिराजीमामा मात्र तिच्याकडंच बघत होते. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून बोलणं जास्त लागलं.

"मग पोरी, त्या दिवशी हितंच हुतीस की. का गप बसलीस?"

इतके महिने ती ह्याचं उत्तर शोधत होती. बापाची अब्रू, पेठ, लोक काय म्हणतील... सगळी उत्तरं तिनं तोलून बघितली होती. आणि इथं साठ माणसांत उभं राहिल्यावर त्यातलं एकही उरलं नाही.

"भ्याले, मामा," ती म्हणाली.

कागदावर पेन चालल्याचा आवाज येत होता. पुढच्या पोराचं नाव लिहिलं जात होतं.