परवाने मोजायला आलेला

“एसीवाले ना तुम्ही? या, या! सकाळपासून डोळे लावून बसलेय!” म्हणत ताईने त्याला थेट सर्व्हररूममध्ये नेलं.

त्या बिचाऱ्याने बॅग ठेवली, बाह्या दुमडल्या, स्टुलावर चढून तुंबलेली नळी मोकळी केली. गळणारं पाणी थांबलं. मग केसांतलं पाणी झटकत म्हणाला, “आता... माझं काम सुरू करू? सॉफ्टवेअरचे परवाने तपासायला आलोय मी.”

ताईचा चेहरा! मी दप्तर तोंडावर धरून हसले. (शाळा सुटली की मी ताईच्या ऑफिसात अभ्यास करते. म्हणजे, करायला बसते.)

ताईची कंपनी इतरांची कामं आपल्या सर्व्हरवर चालवते — दवाखान्यांच्या नोंदी, शाळांचे निकाल, असं बरंच. त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर मात्र दुसऱ्याचं. त्याचा परवाना माणशी घ्यावा लागतो, म्हणून ते किती माणसांसाठी आहे, हे दर महिन्याला त्या दुसऱ्याला कळवायचं. ते कळवणं ताईकडे, आणि ते तपासायला त्या दुसऱ्याने पाठवलेला हा. आकडे खोटे निघाले तर करार रद्द, सर्व्हर बंद, आणि ताईची पहिलीवहिली नोकरी गुल!

दोन आठवडे तो रोज आला. समोरासमोर दोन टेबलं, मध्ये याद्यांचा ढीग, पलीकडे पंख्यांची घूंऽऽ घूंऽऽ.

“ही यादी तिसऱ्यांदा मोजताय!”

“तुम्ही समोर बसता... आकडा सटकतो.”

“मग पाठ करून बसू?”

“नको! — म्हणजे... तिकडून पंख्याचा वारा येतो. गार लागेल.”

गार म्हणे! मी वहीत डोकं खुपसलं.

आणि बुधवारी ताई पांढरीफटक. “चिमे, घोळ झाला गं. ज्यांनी लॉगिन केलं तेवढेच मी मोजत आले. नियम म्हणतो, ज्यांना लॉगिन दिलंय ते सगळे मोजायचे... वापरोत, न वापरोत. आठ महिने चुकीचं कळवलं मी!”

“त्याला दिसलंय?”

“अजून नाही.”

“मग गप्प बस ना!”

“आत्तापर्यंत चूक होती. गप्प बसले तर लबाडी होईल.”

ती उठली आणि त्याच्यासमोर जाऊन सगळं सांगून टाकलं. आवाज कापत होता, पण मान ताठ. त्याने हातातली यादी खाली ठेवली आणि फक्त म्हणाला, “नोंद करतो.”

दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही! त्याच्या जागी जाड चष्म्याच्या एक बाई. ताईने डबा न उघडताच परत नेला. “तोंडसुद्धा बघायचं नसेल त्याला माझं,” म्हणाली.

चार दिवसांनी बाईंनी निकाल दिला. “आठही महिन्यांचे अहवाल दुरुस्त करून पाठवा. आपणहून सांगितलंत, म्हणून करार कायम.”

ताईने खुर्ची ओढून लगेच जुने अहवाल काढले.

“आणि हा कागद. तपासनीस बदलला, की ज्यांच्यामुळे बदलला त्यांचं म्हणणं आम्हाला लागतं.”

मी ताईच्या खांद्यावरून वाचलं. बदली तपासनीस मागणारा त्याचा अर्ज! तारीख सोमवारची — ताईने चूक सांगितली त्याच्या दोन दिवस आधीची! कारण: ‘इथल्या परवान्यांचं काम पाहणाऱ्या मॅडमविषयी माझं मत तटस्थ राहिलेलं नाही. पुढे राहील असंही वाटत नाही.’

ताईचे कान लालेलाल. तिने पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं... आणि खालच्या रिकाम्या चौकटीत लिहिलं, ‘माझंही.’

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “एवढंच?”

“एवढंच.”

“मग त्याला नेऊन द्या तुम्हीच. तासभर खाली गाडीत बसलाय, काचा वर करून.”

चार जिने! आणि माझी ताई... लिफ्टची वाटसुद्धा न बघता धावली!