काचेवरचा अंगठा

कुंदाबाईंचा अंगठा तपासायला घेतला तेव्हा माझ्या प्रयोगाचा चौथा महिना चालू होता. कुडव्यातल्या भाड्याच्या खोलीत मी बोटांच्या कातडीचं संगणकावर मॉडेल बनवत होते. काचेवर बोट दाबायचं, खालचा कॅमेरा कातडीवरचा ताण टिपतो आणि बोटाखाली काय आहे त्याचा आकार संगणक गणिताने काढतो. यंत्राच्या हाताला स्पर्श शिकवायचा तर हे लागतं. बिडी वळणाऱ्या बायका मी मुद्दाम निवडल्या होत्या; पान जून की कोवळं, हे त्या न बघता सांगतात. अकराजणींच्या बोटांखाली संगणकाने सपाट काच दाखवली, आणि तीच तर होती.

कुंदाबाईंच्या अंगठ्याखाली मऊ, गोल काहीतरी आलं. आत एक नळी, नळीभोवती एकाखाली एक कडक कडी. आणि ते उडत होतं, मिनिटाला चौऱ्याऐंशी वेळा.

मी काच बदलली, कॅमेरा बदलला, प्रोग्राम लिहिणारीला, म्हणजे स्वतःलाच, शिव्या घातल्या. पुन्हा तेच.

“कसला विचार करताय?” मी हसत विचारलं.

“जवायाचा गळा,” त्या म्हणाल्या. “माझ्या मंजूले लय मारते तो. दाबावासा वाटते.”

मंजू त्यांची एकुलती एक लेक, केशोरीला दिलेली. जावई चुन्नीलाल गावात देवमाणूस, घरात कसाई. मी ते मोजमाप बिघाड म्हणून बाजूला टाकलं.

सोमवारी दुपारी कुंदाबाई न बोलावता आल्या. आदल्या दिवशी चुन्नीलालने मंजूचं डोकं उंबऱ्यावर आपटलं होतं. सात टाके पडले.

“काच लावा, मॅडम.”

“कशाला?”

“लावा म्हनून राहिली ना मी!”

विज्ञान गेलं चुलीत. मी काच लावली.

ठोके शंभरावर गेले, मग एकशे चाळीस. पडद्यावरची नळी डावी-उजवीकडे झटके मारू लागली. कुंदाबाईंच्या मनगटावर नखांचे ओरखडे उमटले, एकामागून एक, कोणीही शिवलेलं नसताना. रक्त काचेवर उतरलं.

मला त्यांचा हात ओढता आला असता. पण तो माणूस मरायला हवा होता मला. मी नाही ओढला.

एक कडं मोडलं. मग दुसरं.

ठोके साठ.

नऊ.

मग काहीच नाही.

“सुटली माझी पोरगी,” कुंदाबाई म्हणाल्या आणि तांब्याभर पाणी घटाघटा प्यायल्या.

संगणक आधी ढोबळ आकार दाखवतो. बारीक हिशेबाला वीस मिनिटं लागतात. तोवर मी त्यांचं मनगट कापसाने पुसत बसले. मग बारीक आकार पडद्यावर आला.

गळा फार नाजूक होता. त्याच्याभोवती बारीक मण्यांची दुपदरी ओळ होती. आणि थेट अंगठ्याखाली, कातडीत रुतलेल्या, मंगळसूत्राच्या दोन वाट्या.

तेवढ्यात कुंदाबाईंचा फोन वाजला. त्यांना वाचता येत नाही. हसत हसत त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

“मंजूच असन. पाहा ना जी.”

नाव चुन्नीलालचं होतं.