वीरगळाशेजारी बसलेला

उपासनाला भुताखेतांची भीती नव्हती, राग होता. इंटरनेटवर कुणी प्राचीन विमानाचं नाव काढलं, की ही निपाणीची पोरगी हातातला चहा बाजूला ठेवून भांडायला बसायची. "पुरावा कुठाय?" हे तिचं ठरलेलं वाक्य. लोक जेरीला आले होते. तर ही उपासना बेळगावात पुरातत्त्वावर पीएचडी करत होती, आणि त्या दुपारी ती कंग्राळीला नागुबाईच्या शेतात गेली होती, एका वीरगळाचे फोटो काढायला.

वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा दगड. खालच्या पट्टीत तो लढतो, मधल्या पट्टीत अप्सरा त्याला उचलून नेतात, वरच्या पट्टीत तो स्वर्गात महादेवापुढं हात जोडून बसतो. आजवर काम उपासनाचं आणि नाव तिचे मार्गदर्शक मारुतीराव सरांचं, असंच चाललेलं. या दगडावरचा एक तरी शोधनिबंध आपल्या एकटीच्या नावावर निघावा, एवढंच तिचं मागणं होतं.

काम सोपं. दगडाभोवती फिरत सगळीकडून फोटो काढायचे, ते जोडून संगणक अख्खा दगड थ्रीडीत उभा करतो. अट एकच. जे स्थिर, तेवढंच नीट उमटतं. जे हललं ते बिघडलं. आणि नागुबाई काही ना काही निमित्त काढून सारखी मधे येत होती.

"आक्का, जरा बाजूला व्हा की!"

"अगं, शेत माझं, दगड माझा. मग मी फोटूत नको व्हय?"

वारं पडलं होतं. उसाचं पातं हलत नव्हतं. दगडाच्या डाव्या अंगाला मात्र गंजक्या विळ्यासारखा वास येत होता. उपासनानं नाक मुरडलं आणि काम उरकलं.

संध्याकाळी खोलीवर येऊन तिनं मॉडेल उघडलं. नागुबाईचा पार गोळा झाला होता. दगड मात्र झकास. आणि त्याच्या डाव्या अंगाला एक माणूस उकिडवा बसला होता. डोक्याचं मुंडासं, गुडघ्यावरची माती, सगळं स्वच्छ दिसत होतं. म्हणजे ती फिरत होती तेवढा वेळ हा बाबा जराही हलला नव्हता. श्वाससुद्धा घेतला नव्हता.

तिनं फोन लावला. "आक्का... दगडापाशी कोण बसलं होतं?"

"तू आणि मी. तिसरं कोण न्हाय. का गं? माझा फोटू लई भारी आलाय व्हय?"

आता पुरावा मागायचा तरी कुणाकडं? तिनं मॉडेल अभ्यासकांच्या ग्रुपवर टाकलं: हे काय असावं? "अप्रकाशित शिल्प! कदंब शैली," एकजण म्हणाला. "यादव," दुसरा म्हणाला. सकाळपर्यंत दोघांनी एकमेकांना ब्लॉक केलं होतं. तिसऱ्यानं कान उपटले, "शेजारी मोजपट्टी का ठेवली नाही? उंची कशी कळणार?"

ती परत गेली. डाव्या अंगाला नुसतं गवत. तिथं काळी-पांढरी मोजपट्टी आडवी ठेवून तिनं पुन्हा फोटो काढले. यावेळी नागुबाई नवं लुगडं नेसून, श्वास कोंडून, ताठ उभी होती.

मॉडेलमध्ये नागुबाई सुरेख आली. माणूसही होता. पट्टी मात्र गवतात नव्हती. त्यानं ती हातात धरली होती, स्वतःच्या अंगाला लावून, उंची नीट मोजता यावी अशी.

उपासनाच्या अंगावर काटा आला, आणि त्यातही हसू फुटलं. मग तिला त्याच्या मानेवरचा घाव दिसला. तिनं दगडाची खालची पट्टी मोठी करून पाहिली. वीराच्या पायाखाली एकजण चिरडलेला होता. तेच मुंडासं, तोच घाव. त्याला न्यायला अप्सरा आल्या नव्हत्या, वरच्या पट्टीत त्याला जागा नव्हती. "तुझी नोंद घेते बाबा," ती हळूच म्हणाली, आणि तिनं निबंधात लिहिलं: शेजारी एक व्यक्ती, नाव अज्ञात.

मारुतीराव सर भडकले. "वेड लागलंय काय? लोक हसतील विभागाला!" त्यांनी स्वतः बसून मॉडेलमधून तो माणूस पुसला. पुसता पुसता निबंधावरचं तिचं नावही पुसलं आणि आपलं टाकलं. उपासना खोलीवर येऊन ढसाढसा रडली.

शनिवारी सकाळी सरांचं ऑनलाइन व्याख्यान होतं. देशभरचे अभ्यासक आपापल्या घरून बघत होते, उपासनाही. सर आपल्या खोलीत बसून ऐटीत सांगत होते, "पाहा, दगडाशेजारी काहीही नाही."

खाली एक प्रश्न उमटला. "सर, आपल्यामागच्या खुर्चीतलं शिल्प कुठल्या शतकातलं?"

"कदंब," कुणीतरी लिहिलं.

"यादव. पण मोजपट्टीसकट ठेवलंय, हे उत्तम."

सरांनी मागं वळून पाहिलं. पुढं वळले. पडद्यावर स्वतःचीच चौकट पाहिली, आणि ते पुटपुटले. "उपासना... खुर्ची रिकामी आहे गं... मग इथं हा..."

उपासनानं शेतातून आणलेल्या पिशवीत हात घातला. पट्टी नव्हती. तिनं पुन्हा पडद्याकडं पाहिलं. तो पहिल्यांदाच हलला होता. पट्टी आता त्यानं स्वतःला लावली नव्हती. उठून, पुढं वाकून, ती त्यानं सरांच्या मानेला लावली होती.

खाली आणखी एक प्रश्न उमटला. "माप किती आलं?"